अलजबऱ्याचा उन्हाळा

मुलींच्या शाळेत सातवीच्या पुढं वर्गच नव्हता. सातवी झाली की पोरी घरी बसायच्या, आणि घरी बसल्या की लवकरच सासरी जायच्या. माझ्याबरोबरच्या बहुतेक जणी तशाच गेल्या. मला पुढं शिकायचं होतं. का, ते तेव्हा कुणी विचारलं असतं तर नीट सांगता आलं नसतं. गणिताचा तास संपला की मला चुटपुट लागायची, एवढं मात्र खरं.

आमचं बिऱ्हाड धाराशिवात होतं. निजामाचं राज्य, त्यामुळं सरकारी कागदावर गावाचं नाव उस्मानाबाद. पण घरीदारी सगळे धाराशिवच म्हणायचे. वडील अदालतीत अहलकार, म्हणजे कारकून होते. त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो. त्यांची उर्दू अशी की वकील मंडळीसुद्धा अर्जाचा मसुदा आधी त्यांच्या नजरेखालून घालायची. आई मुरुमची, तिला आम्ही अव्वा म्हणायचो. माहेरी कानडी, सासरी मराठी, आणि रागावली की दोन्ही एकदम.

सातवीचा निकाल लागला त्या संध्याकाळी मी अण्णांना म्हणाले, "मला मुलांच्या हायस्कुलात घाला."

अण्णांनी टोपी खुंटीला अडकवली. अव्वा चुलीपाशी होती. तिथूनच म्हणाली, "इचारून तर बघा. इचारायला काय जातंय?"

दुसऱ्या दिवशी अण्णा मला घेऊन हायस्कुलात गेले. तिथले सदर मुदर्रिस, म्हणजे हेडमास्तर, शेरवानी घालणारे, हळू बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी माझी सातवीची गुणपत्रिका वाचली, चष्मा काढला आणि अण्णांना म्हणाले, मुलगी हुशार दिसते, मुली वर्गात बसायला आमची हरकत नाही. पण अडचण वेगळीच आहे. आमच्या मुलांनी सातवीत वर्षभर अलजबरा, म्हणजे बीजगणित, केलाय. मुलींच्या शाळेत त्या तासाला शिवण शिकवतात. आठवीत ही एकदम कशी बसणार?

रियाजीचे, म्हणजे गणिताचे, मास्तर तिथंच उभे होते. उंच, सडपातळ, खांद्यावर खडूची भुकटी. ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "लडकियों के लिए हिसाब काफी है."

मुलींना बेरीज-वजाबाकी आली की पुरे, असं त्यांचं म्हणणं. अण्णांची मान खाली गेली. मला तो क्षण अजून आठवतो, कारण अदालतीत भल्याभल्या वकिलांशी बोलणाऱ्या माझ्या बापाला मी असं गप्प झालेलं पूर्वी पाहिलं नव्हतं. मी उर्दूत म्हणाले, "सुट्टीत मी शिकून येईन." माझी उर्दू तोडकीमोडकी होती, लिंग-वचन सगळं चुकलं असणार. पण हेडमास्तर हसले नाहीत. त्यांनी कपाटातून एक जुनं पुस्तक काढलं आणि माझ्या हातात दिलं. म्हणाले, शाळा उघडली की हे मास्तर तुझी परीक्षा घेतील, वर्गासमोर, फळ्यावर. एवढ्या पहिल्या भागातलं आलं तर बस वर्गात.

पहिला भाग एकरकमींचा होता.

हा शब्द अण्णांचा. पुस्तकात होतं 'यक-रकमी'. मराठीत त्याला एकपदी म्हणतात हे मला फार पुढं कळलं. पुस्तक उर्दूत, उजवीकडून उघडायचं. माझी उर्दू कच्ची आणि अण्णांचं गणित कच्चं. म्हणून आम्ही असं ठरवलं की अण्णांनी अदालतीतून आल्यावर, दिवस असेतोवर ओट्यावर बसून एकेक वाक्य वाचायचं, त्याची मराठी करायची, आणि अर्थ मी लावायचा.

पहिल्याच दिवशी गाडी अडली. अण्णांनी वाचलं, शब्द जुळवले आणि सांगितलं, "ज्या रकमेत जमा किंवा तफरीकची खूण नसते, म्हणजे बेरीज-वजाबाकीनं जिचे तुकडे पडत नाहीत, ती एकरकमी."

"पण रक्कम कुठं आहे? इथं तर अक्षरं आहेत."

"ते मला विचारू नको. अक्षरं आहेत हे मलाही दिसतंय."

त्या पुस्तकात आपल्या क्षच्या जागी 'ला' असायचा आणि यच्या जागी 'मा'. मी आता क्ष आणि य असंच लिहिते, वाचणाऱ्याला सोपं पडावं म्हणून. तर तिथं ३क्ष² असं काहीसं होतं, आणि खाली विचारलं होतं, क्ष चार असेल तर किंमत काय? मी गुणाकार केला. तीन चोक बारा, बाराचा वर्ग एकशे चव्वेचाळीस. पुस्तकाच्या शेवटी उत्तरं होती. तिथं अठ्ठेचाळीस. पुन्हा केलं, पुन्हा एकशे चव्वेचाळीस. पुढचं उदाहरण घेतलं, तेही चुकलं. त्याच्या पुढचंही. चार दिवस आम्ही दोघं त्या एका पानावर बसून होतो. अण्णा तीच व्याख्या निरनिराळ्या मराठीत सांगत होते आणि मी निरनिराळ्या रीतीनं चुकत होते.

त्या दिवसांत अव्वाचे सांडगे चालले होते. मटकीचं वाटण, तिखट-मीठ घालून कालवलेलं, आणि अंगणात बाजेवर, चटईवर अंथरलेले जुन्या लुगड्यांचे धडपे. सकाळी ऊन तापायच्या आत सांडगे तोडायचे. अव्वाचं काम रेखीव. एका ओळीत जितके सांडगे, तितक्याच ओळी घालायची. धडपा चौकोनी भरून निघायचा आणि नजर टाकली की कळायचं, कावळ्यानं किती नेले.

मी हात धुऊन तिच्या जोडीला बसले होते, पण डोकं पुस्तकातच. अव्वा म्हणाली, "कुठं ध्यान हाय तुझं? वळ वाकडी गेली बघ."

मी तिला सांगितलं, एका गणितात अडकलेय. तीन, आणि मग एक अक्षर, त्याच्या डोक्यावर दोन. तिनं विचारलं, "अक्षर कशापायी? आकडा लिव्हायला काय झालं?"

"आकडा ठाऊक नाही म्हणून अक्षर. कधी चार असेल, कधी दहा."

"मग असू दे की. मला तरी कुठं ठाऊक असतंय? धडपा लहान आसला की वळीत कमी बसतेत, मोठा आसला की जास्त. पर जितके वळीत, तितक्या वळी. ते काय बदलत न्हाय."

मी हातातलं वाटण तसंच धरून समोर बघत राहिले. तीन धडपे होते, एका मापाचे. एका ओळीत क्ष सांडगे, क्ष ओळी, म्हणजे एका धडप्यावर क्ष गुणिले क्ष. असे तीन. ओळीत चार असतील तर एका धडप्यावर सोळा आणि तिन्हींवर अठ्ठेचाळीस. मी मात्र धडपेसुद्धा तीनदा तीन करत होते.

"अव्वा, धडपे तीनच आहेत ना?"

"मग काय नऊ दिसतेत तुला?"

मी तशीच उठले, माखल्या हातानं, आणि आत जाऊन पाटी घेतली. डोक्यावरचा दोन फक्त क्षचा होता. तीनशी त्याचा काही संबंध नव्हता. तीन बाहेर उभा होता, आपली पाळी आल्यावर गुणायला. त्या पानावरची सगळी उदाहरणं मी उंबऱ्यात बसून सोडवली. सगळी बरोबर आली. अव्वा बाहेरून हाका मारत होती, राहिलेले सांडगे कोण तोडणार म्हणून, आणि मी तिला ओरडून उत्तरं सांगत होते. संध्याकाळी अण्णा आले तेव्हा मी त्यांना व्याख्येचा अर्थ सांगितला: आकडा आणि अक्षरं एकमेकांना नुसती गुणलेली, मध्ये अधिक नाही की उणे नाही, म्हणून सगळं मिळून एकच रक्कम. अण्णांनी पुस्तकातलं वाक्य पुन्हा वाचलं. मग म्हणाले, "हो की. अगदी हेच लिहिलंय."

त्यानंतर आमचा वेग वाढला. अण्णाही रंगात आले. सगळ्या अक्षरांच्या डोक्यावरचे आकडे मिळवले की त्याला पुस्तकात 'दर्जा' म्हटलं होतं. अण्णा म्हणाले, आपण पायरी म्हणू. क्ष²य ची पायरी तीन, कारण यच्या डोक्यावर न लिहिलेला एक धरायचा. पुढं पुढं ते अदालतीतून येतानाच विचारायचे, "आज कितव्या पानावर?"

मग उणे आकडे आले आणि पुन्हा अडलो. उदाहरण एवढंसं होतं: −क्ष², आणि क्ष म्हणजे उणे तीन. मी म्हटलं, उणे गुणिले उणे अधिक, उत्तर नऊ. पुस्तकात उणे नऊ.

"छपाईची चूक असेल," अण्णा म्हणाले. "आमच्याकडं नकला करताना असं हटकून होतं."

मला ते पटेना. बाकीची उत्तरं बरोबर असताना हे एकच कसं चुकेल? रात्री अव्वानं जेवायला वाढलं तेव्हाही मी ताटात बोटानं उणेच काढत होते. ती म्हणाली, "आधी जेव. आकडे कुठं पळून जात न्हायत."

सकाळी आडावर पाणी शेंदत होते. पोहरा वर येत होता आणि मनात तेच चाललं होतं. एकदम लक्षात आलं की हे उणे म्हणजे आधीच्या उदाहरणातला तीनच. तोही बाहेर होता, हाही बाहेरच आहे. डोक्यावरचा दोन फक्त क्षचा. आधी क्षची किंमत कंसात ठेवायची, तिचं स्वतःचं उणे तिच्यासोबत आत. तिचा वर्ग करायचा, तो नऊ. आणि मग बाहेरचं उणे लावायचं. उणे नऊ. पुस्तक बरोबर होतं.

मी घागर तिथंच ठेवून घरी पळाले. अण्णा दाढी करत होते. मी सगळं भराभरा सांगितलं. त्यांनी वस्तरा खाली ठेवला, अर्ध्या गालाला साबण तसाच, आणि म्हणाले, "आता मला घाल एखादं." मी घातलं: −२क्ष², क्ष म्हणजे उणे पाच. त्यांनी बोटावर मोजत मोजत उणे पन्नास सांगितलं. मी बरोबर म्हटल्यावर ते असे खूश झाले की त्यांना बढती मिळाली असती तरी इतके झाले नसते.

शाळा उघडली त्या दिवशी अण्णांनी अदालतीतून अर्ध्या दिवसाची रुखसत घेतली. अव्वानं माझी वेणी घट्ट घातली, नवं लुगडं दिलं आणि दारात उभी राहून म्हणाली, "फळ्यापाशी गेलीस की घाई करू नको."

आठवीचा वर्ग भरला होता. पोरांनी मला आत येताना बघितलं आणि कुजबूज सुरू झाली. हेडमास्तर दाराशी उभे राहिले. अण्णा बाहेर व्हरांड्यात, भिंतीला टेकून. रियाजीचे मास्तर टेबलापाशी होते. त्यांनी खडू माझ्याकडं दिला आणि पहिलं उदाहरण सांगितलं: ५क्ष², क्ष दोन. मी वीस लिहिलं. पोरांत एकानं हळूच शंभर म्हटलं ते मला ऐकू आलं.

मास्तरांनी स्वतः फळ्यावर लिहिलं: −२क्ष²य³. खाली लिहिलं, क्ष उणे तीन, य उणे एक.

दोन अक्षरं आणि तीन उणे, इतकं एकदम मी कधी केलं नव्हतं. घाई करायची नाही, एवढंच आठवलं. मी क्षच्या जागी कंस काढला, आत उणे तीन ठेवले. यच्या जागी कंस, आत उणे एक. उणे तीनचा वर्ग नऊ. उणे एक तीनदा गुणलं, उणे एकच राहिलं. मग बाहेरचे उणे दोन. उणे दोन गुणिले नऊ, उणे अठरा; त्याला उणे एकनं गुणलं, अठरा. मी लिहिलं आणि बाजूला झाले.

मास्तरांनी उत्तरावर नजर फिरवली.

"दर्जा?" मास्तरांनी विचारलं.

"पाँच, जनाब."

मग त्यांनी फळा पुसला आणि नुसता सात लिहिला. दुसरं काहीच नाही. माझ्याकडं वळून विचारलं, "ये यक-रकमी है?"

मागची पोरं हसली. हे पुस्तकाच्या पहिल्या भागात कुठंच नव्हतं. मी त्या सातकडं बघत राहिले. अक्षर नाही, डोक्यावर आकडा नाही. पण अण्णांनी चार दिवस निरनिराळ्या मराठीत सांगितलेली व्याख्या मला पाठ होती, आणि तिच्यात अक्षर हवंच असं काही नव्हतं.

"है, जनाब. इसमें जमा नहीं, तफरीक नहीं."

"और ला कहाँ है?" ला म्हणजे आपला क्ष.

"ला नहीं है. ला कुछ भी हो, ये सात ही रहेगा."

"तो दर्जा?"

"सिफर." म्हणजे शून्य.

पोरं हसायची थांबली होती. मास्तर माझ्याकडं बघत होते, आणि सुट्टीआधी त्यांनी मला पाहिलंच नव्हतं हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. ते वर्गाकडं वळले आणि म्हणाले की हा प्रश्न मी गेल्या वर्षी याच वर्गाला घातला होता आणि एकाचाही हात वर झाला नव्हता. मग चपराश्याला हाक मारून सांगितलं, "एक कुर्सी लाओ. सामने रखो."

खुर्ची आली. मी बसले. हेडमास्तर निघून गेले, पण जाताना त्यांनी व्हरांड्यात अण्णांच्या खांद्यावर हात ठेवलेला मला दारातून दिसला.

शाळा सुटल्यावर अण्णा न्यायला आले. घरी जायला जवळची वाट होती, पण ते मला बाजारपेठेतून, अदालतीच्या समोरून घेऊन निघाले. भेटेल त्याला थांबवत होते. मोठ्या वकीलसाहेबांना सांगितलं, पानवाल्याला सांगितलं, बेंबळीहून तारखेला आलेल्या एका अनोळखी पक्षकारालाही सांगितलं. तो बिचारा आपल्या खटल्याचं काय झालं म्हणून विचारायला आला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "लई चांगलं झालं बगा साहेब. पोरीला शिकवा."

घरी अव्वाला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग? मला काय न्हवतं व्हय ठाऊक?" आणि आत गेली. जरा वेळानं मी आत गेले तर पाठमोरी उभी राहून पदरानं डोळे पुसत होती.

त्या शाळेत मी मॅट्रिकपर्यंत शिकले. पहिल्या वर्षी एकटीच होते, पुढच्या वर्षी दोघी आल्या. रियाजीचे मास्तर कडक ते कडकच राहिले. माझी चूक झाली की इतरांपेक्षा जास्त बोलायचे. पण सुट्टीत स्वतःची पुस्तकं द्यायचे, आणि नव्यानं आलेल्या त्या दोघींचा अलजबरा तयार करून घ्यायचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं. मॅट्रिकला गणितात आमच्या शाळेत सगळ्यांत जास्त गुण मला पडले. तो निकाल सांगायला मास्तर स्वतः आमच्या घरी आले. ओट्यावर बसले, अव्वानं दिलेलं गूळ-पाणी घेतलं आणि अण्णांना म्हणाले, "आपकी बेटी ने मुझे गलत साबित किया." मला चुकीचा ठरवलं म्हणाले, आणि हे म्हणताना त्यांचा चेहरा उजळला होता.

चाळीसचं दशक संपत आलं, निजामाचं राज्य गेलं आणि शाळांतून मराठी आली. मुलींच्या शाळेत वरचे वर्ग निघाले. गणिताला शिक्षक मिळेना, कारण जे होते ते सगळे उर्दूतून शिकलेले. मला बोलावणं आलं.

पहिल्या दिवशी मी वर्गात गेले तेव्हा समोर पोरी बसल्या होत्या, कुणी परकरातल्या, कुणी लुगड्यातल्या, आणि फळ्यावर मी पहिल्यांदा माझ्या भाषेत लिहिलं: एकपदी. अर्थ सांगितला. उदाहरण घातलं, −क्ष², क्ष म्हणजे उणे चार. अर्ध्या वर्गाचं उत्तर सोळा, अर्ध्याचं उणे सोळा. मी कोण बरोबर ते सांगितलं नाही. एकमेकींना पटवा, म्हटलं.

पोरी भांडायला लागल्या. एक बाकावरून उठून फळ्यापाशी आली, दुसरीनं तिच्या हातातून खडू घेतला. मागच्या एका पोरीनं "आगं कंस घाल की आधी" असं इतक्या जोरात सांगितलं की शेजारच्या वर्गाचा पाढा थांबला. मोठ्या बाई काय गोंधळ चाललाय म्हणून दारात येऊन उभ्या राहिल्या.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही बाई," मी म्हणाले. "अलजबरा चाललाय."